आधी वॉर्ड बघा, मग कॉलेज

बारावीचा निकाल लागला की सिल्लोड तालुक्यातल्या कितीतरी घरांत एकच हिशेब सुरू होतो. ‘नीट’मध्ये डॉक्टर होण्याइतके गुण नाहीत, डी.एड. करून नोकरी नाही, साधी बी.एस्सी. करून पुढे काय ते कुणी सांगत नाही. मग नर्सिंग. मका-कापसावर घर चालवणारा बाप कनिष्ठ महाविद्यालयात येऊन मला विचारतो, ‘सर, पोरीला नर्सिंगला टाकायचं म्हणतो. फी कुठं कमी हाय?’ त्याचा प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी विचारायचा एक प्रश्न कुणीच विचारत नाही: ही मुलगी तीन-चार वर्षं कुठल्या रुग्णालयात, कुठल्या वॉर्डात, कुणाच्या हाताखाली उभी राहणार?

कॉलेजची इमारत, फलकावरची नोकरीची हमी, गणवेशाचा रंग, या सगळ्याच्या आधी वॉर्ड बघायला हवा. नर्सिंग खाटेशेजारी शिकलं जातं. वर्गात त्याची तयारी होते, एवढंच. हे पटलं तर कॉलेज कसं निवडायचं, पुढे कुठल्या वाटा उघडतात आणि कुठल्या बंद होतात, याची उत्तरं आपोआप वेगळी येतात.

अभ्यासक्रमांची माहिती थोडक्यात सांगतो, कारण ती कुठेही मिळते. एएनएम दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी. जीएनएम तीन वर्षांचा, मुलामुलींसाठी आणि कुठल्याही शाखेच्या बारावीनंतर. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्याला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं आणि राज्यात आता त्यासाठी सीईटी द्यावी लागते. जीएनएम झालेल्यांना दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून पदवी घेता येते, पदवीनंतर एम.एस्सी. करता येतं. म्हणजे जीएनएमला गेलं म्हणून दार कायमचं बंद झालं असं नाही. पण प्रत्येक पायरीला वर्षं लागतात आणि मराठवाड्यातल्या मुलीकडे लग्नाआधी किती वर्षं आहेत, हे तिच्या हातात फारसं नसतं. म्हणून ज्या घराला चार वर्षं झेपतील त्याने सुरुवातीलाच बी.एस्सी.चा विचार करावा, असं मी सांगतो.

आता वॉर्डाकडे येऊ. आपल्याकडे पावसाळ्यात सर्पदंशाचे रुग्ण येतात. निंदणीला गेलेली बाई, रात्री मोटार चालू करायला गेलेला माणूस. पायावर सूज आहे, साप कुणी नीट पाहिलेला नाही. नाग किंवा मण्यार असेल तर पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, श्वास मंदावतो. घोणस किंवा फुरसं असेल तर रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. हे ओळखायला मोठ्या प्रयोगशाळेची गरज नसते. शिरेतून दोन मिलिलिटर ताजं रक्त काढायचं, स्वच्छ आणि कोरड्या काचेच्या परीक्षानळीत सोडायचं आणि वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग ती एकदाच हलकेच तिरकी करायची. रक्त गोठलेलं नसेल तर विष रक्तात उतरलं आहे. नळी काचेचीच लागते, प्लॅस्टिकची चालत नाही. साबणाने धुतलेली असेल तर उत्तर चुकतं. नळी हलवून हलवून बघितली तरी चुकतं. हे सगळं पुस्तकात चार ओळींत लिहिलेलं आहे. पण बाहेर वीस नातेवाईक ओरडत असताना ती वीस मिनिटं नळीला हात न लावणं, त्याच वेळी रुग्णाच्या पापण्यांवर लक्ष ठेवणं, प्रतिविषाच्या दहा कुप्या तयार करणं आणि ते सुरू झाल्यावर रुग्णाला थंडी वाजते का, अंगावर पित्त उठतं का हे पाहत ॲड्रेनलिन हाताशी ठेवणं, हे चार ओळींत येत नाही. ते सीनियर सिस्टरशेजारी उभं राहून येतं, आणि एकदा पाहून येत नाही.

कापूस-मिरचीच्या पट्ट्यात फवारणीच्या औषधाची विषबाधा हाही नेहमीचा प्रकार. ॲट्रोपिन किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. पण बुबुळं किती पसरली, तोंडातली लाळ आटली का, छातीतली घरघर कमी झाली का, नाडी किती झाली, हे दर काही मिनिटांनी बघून लिहिते ती नर्स. तिची नोंद उशिरा झाली तर डॉक्टरचा निर्णयही उशिरा होतो. विंचूदंशावर जगभर नाव झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर हे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांनी विंचू चावलेल्या रुग्णांच्या खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास टिपत जे पाहिलं, त्यातून प्राझोसिनचा उपचार उभा राहिला. शेजारी बसून बघणं आणि बघितलेलं लिहून ठेवणं, हे विज्ञानच आहे. नर्सिंगचं निम्मं शास्त्र तेच आहे, आणि ते डॉक्टरांपेक्षा नर्सला जास्त तास करावं लागतं.

महाराष्ट्रातला या शिक्षणाचा एक जुना दाखला आठवला तर हे अधिक स्पष्ट होईल. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं. विधवा, टाकलेल्या, शिक्षणाची संधी हुकलेल्या बायकांना पायावर उभं करायचं होतं आणि त्यासाठी परिचारिकेचं काम निवडलं गेलं. त्या काळी उच्चवर्णीय घरातल्या बाईने परक्या पुरुषाची जखम धुवावी, ही कल्पनाच लोकांना सहन होण्यासारखी नव्हती. रमाबाईंकडे रुग्णालय नव्हतं. त्यांनी मुलींना ससून रुग्णालयात पाठवलं आणि त्यांच्या राहण्याची, वळणाची, सुरक्षिततेची जबाबदारी सेवासदनने घेतली. लंडनमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची शाळा १८६० मध्ये सुरू झाली तीही सेंट थॉमस रुग्णालयात. दोन्हीकडे रुग्णालय आधी होतं, शिक्षण त्याच्या पोटात सुरू झालं. सेवासदनच्याही आधी, १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंतराव यांनी हडपसरजवळ दवाखाना चालवला आणि रुग्णाला उचलून आणताना लागण होऊन सावित्रीबाई गेल्या. त्यांना कुणी परिचारिका म्हणून प्रमाणपत्र दिलं नव्हतं. पण आजाऱ्याच्या अंगाला हात लावणं हे हलकं काम नाही, हे महाराष्ट्राला ज्यांनी करून दाखवलं त्यांत त्या होत्या.

आधी रुग्णालय, मग शाळा हा क्रम आज उलटला आहे. आधी इमारत उभी राहते, मग प्रवेश होतात, आणि रुग्णालय कागदावर शोधलं जातं. भारतीय परिचर्या परिषदेच्या अटी चांगल्या आहेत. बी.एस्सी. नर्सिंग सुरू करणाऱ्या संस्थेकडे शंभर खाटांचं रुग्णालय असावं, एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत, खाटा किमान ७५ टक्के भरलेल्या असाव्यात. या तीन अटी जिथे खरोखर पाळल्या जातात तिथून बाहेर पडलेली मुलगी कुठेही उभी राहते. पण ‘रोज यायची गरज नाही, परीक्षेला आलं तरी चालेल’ असं सांगून प्रवेश देणाऱ्या संस्था राज्यात आहेत, हे पालकांना ठाऊक असतं आणि काही पालकांना ती सोयच वाटते. मुलगी घरी राहते, घरकाम सांभाळते, दोन-तीन वर्षांनी हातात प्रमाणपत्र येतं. तिचं केस बुक, म्हणजे प्रात्यक्षिकांच्या नोंदींची वही, दुसरीचं बघून उतरवलेलं असतं. जी बाळंतपणं तिने स्वतः करायची होती ती तिने पाहिलेलीही नसतात.

या मुलीचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने अशाच एका संस्थेतून जीएनएम केलं. बारावीला वर्गात पहिल्या पाचांत असलेली, स्वच्छ अक्षराची, मन लावून अभ्यास करणारी मुलगी. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात मुलाखतीला गेली तेव्हा तिला सलाइनचा वेग काढायला सांगितला. पाचशे मिलिलिटर, चार तासांत, वीस थेंबांचा सेट. गणित सोपं आहे: दहा हजार थेंब भागिले दोनशे चाळीस मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण बेचाळीस. तिने गणित बरोबर सोडवलं. मग तिला तिथल्या खाटेजवळ नेलं आणि घड्याळाकडे बघत थेंब मोजून तो वेग लावायला सांगितलं. तिने रेग्युलेटरचं चाक हातात धरलेलं ती पहिलीच वेळ होती. पुढे तिने एका छोट्या दवाखान्यात अगदी तुटपुंज्या पगारावर सुरुवात केली. तिची बुद्धी कुठेही कमी नव्हती. तिच्या बापाने बैलजोडी विकून फी भरली होती आणि त्या पैशात जे मिळायला हवं होतं ते तिला दिलंच गेलं नव्हतं. याला मी सरळ चोरी म्हणतो. उद्या ती ज्याच्या खाटेशेजारी उभी राहील, त्या रुग्णाच्याही हक्काचं काहीतरी त्यात गेलं.

यावर मला हमखास एक उत्तर मिळतं आणि ते खोटं नाही. छत्रपती संभाजीनगर इथून साठ-पासष्ट किलोमीटर. घाटी म्हणजे १९५६ सालचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तिथल्या वॉर्डात मराठवाड्यातला, खानदेशातला, विदर्भाच्या कडेचा प्रत्येक आजार बघायला मिळतो. पण सरकारी जागा मोजक्या, खाजगी कॉलेजची फी आणि वसतिगृहाचा खर्च झेपत नाही. आमठाण्याची किंवा घाटनांद्र्याची मुलगी शहरात ठेवायला घर तयार नसतं. तालुक्यात कॉलेज नसतं तर ती बारावीनंतर घरीच बसली असती. मग तालुक्याच्या कॉलेजला नावं ठेवून काय मिळवायचं?

मी तालुक्याच्या कॉलेजच्या बाजूचा आहे. सिल्लोडमध्ये नर्सिंग शिकवलं जावं, आणि ते चांगलं शिकवलं जाऊ शकतं, कारण इथे वॉर्ड आहे. उपजिल्हा रुग्णालय आहे, अजिंठ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि त्यांच्याखालची उपकेंद्रं आहेत. सर्पदंश, विषबाधा, रक्तक्षयाने पांढरीफटक पडलेल्या गरोदर बाया, कमी वजनाची बाळं, रस्त्यावरचे अपघात. सामुदायिक आरोग्य हा विषय तर शहरातल्या मुलींना बसने गावात नेऊन शिकवावा लागतो. आपल्या मुलींच्या ते दारात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणून १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये जगापुढे मांडलं. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून अक्षरओळख नसलेल्या बायकांकडून गावाचं आरोग्य बदलून दाखवलं. खेड्यात शिकता येत नाही, हे म्हणणं महाराष्ट्राने खोटं ठरवलेलं आहे. पण दोन्हीकडे शिकणारी बाई रोज घरांत, बाळांजवळ, आजाऱ्यांजवळ होती. मुलगी उपजिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात प्रत्यक्ष उभी राहत असेल तर सिल्लोडचं कॉलेज मी आनंदाने सुचवीन, आणि ती घरी बसून हजेरी लावत असेल तर पुण्याचंही सुचवणार नाही.

पुढच्या सगळ्या वाटाही याच एका गोष्टीवर येऊन अडतात. देशभरातल्या ‘एम्स’साठी ‘नॉरसेट’ ही परीक्षा २०२० पासून होते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन ४४,९०० रुपये. बी.एस्सी. झालेल्यांना थेट बसता येतं, पण जीएनएम झालेल्यांना नोंदणीनंतर किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. राज्य सरकारात अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून, आरोग्यसेविकेचं २५,५०० पासून. लष्कराच्या परिचर्या सेवेत पुण्याच्या एएफएमसीतून शिकून लेफ्टनंट म्हणून रुजू होता येतं. आपल्याकडच्या मुलींना ही वाट ठाऊकच नसते, याची मला खंत आहे. आणि परदेश. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाने जगात ५८ लाख परिचारिकांची कमतरता सांगितली. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून सिल्लोडमध्येही जर्मन भाषेच्या वर्गांची चौकशी होते. भाषा कठीण आहेच. पण तिथल्या शिक्षणात २,१०० तास वर्गात आणि २,५०० तास प्रत्यक्ष कामाचे असतात, आणि बाहेरून आलेल्या नर्सचे कागद त्याच्याशी ताडून बघतात. जे कमी पडतं ते तिथे पुन्हा शिकावं लागतं किंवा परीक्षेत सिद्ध करावं लागतं. तोवर सहायक म्हणून काम. ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष कृती करून दाखवण्याची परीक्षा असते. खोट्या केस बुकवर तिथे कुणी विश्वास ठेवत नाही. त्या मुलीचं कर्ज मात्र खरं असतं.

जवळची आणि सर्वांत दुर्लक्षित वाट म्हणजे छोटी खाजगी रुग्णालयं. तालुक्याच्या ठिकाणी अनेक दवाखान्यांत ‘सिस्टर’ म्हणून हाक मारली जाते ती मुलगी दहावी-बारावी झालेली, कामावरच शिकलेली असते. तिचा दोष नाही, तिलाही पोट आहे. पण तिच्यामुळे नोंदणी असलेल्या नर्सचा दरही खाली राहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला वीस हजारांच्या खाली वेतन नसावं, अशी शिफारस केली होती. इतक्या वर्षांनंतर आपल्या तालुक्यात किती जणींना ते मिळतं, हे प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे. डॉक्टर म्हणतात, परवडत नाही. छोटं रुग्णालय चालवणं अवघड आहे हे मी मान्य करतो. तरीही ज्या रुग्णालयाला रात्री प्रशिक्षित नर्स ठेवणं परवडत नाही, त्याने रात्री रुग्ण ठेवू नयेत. सरकारी वॉर्डालाही हीच कसोटी लावावी लागेल. सर्वसाधारण वॉर्डात पाच रुग्णांमागे एक नर्स हा परिचर्या परिषदेचा मापदंड आहे. रात्री दहानंतर कुठल्याही सरकारी वॉर्डात जाऊन मोजावं. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिकांनी बाह्यस्रोत भरतीविरुद्ध संप केला, तेव्हा लोकांनी रुग्णांच्या हालांची चर्चा केली. रिकाम्या पदांमुळे जे हाल रोज होतात, त्यांची चर्चा तेवढ्या मोठ्याने झाली नाही.

रात्रपाळीवरून घरात वाद होतो आणि लग्नाच्या बैठकीत तर हा प्रश्न येतोच. ‘नाइट करावी लागेल का?’ होय, करावी लागेल. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अंजली कुलथे रात्रपाळीवर होत्या. अतिरेकी आवारात शिरलेले दिसताच त्यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना आतल्या पँट्रीत नेलं, दिवे बंद केले, आणि त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्यावर भिंतीच्या आडोशाने तिला लेबर रूमपर्यंत पोहोचवलं. त्यांनी पुढे न्यायालयात साक्ष दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे बोलल्या. कोणाला कुठे हलवायचं, कोण चालू शकतं, कोण नाही, हे त्यांना त्या क्षणी ठाऊक होतं, कारण तो वॉर्ड त्यांच्या हाताखालचा होता. त्याच शहरात १९७३ मध्ये केईएममध्ये अरुणा शानबाग यांच्यावर ड्यूटी संपतासंपता, रुग्णालयातच हल्ला झाला, आणि पुढची ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. हालचाल नसलेल्या देहाला इतकी वर्षं बेडसोअर होऊ न देणं म्हणजे काय, हे ज्याने घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलं आहे त्याला विचारावं. रात्रपाळीची भीती बापाने बाळगू नये, असं मी म्हणणार नाही. पण ती भीती मुलीला घरी बसवून घालवायची नाही. दिवे असलेला रस्ता, कुलूप लागणारी ड्यूटी रूम, दारावर माणूस आणि जायची-यायची गाडी हे रुग्णालयाकडून मागून घ्यायचं.

आपल्या मुलींपैकी काही जणी याच तालुक्यात परत याव्यात, असं मला मनापासून वाटतं. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आलं. बी.एस्सी. नर्सिंग झालेली मुलगी त्यावर बसू शकते. सपाट भागात पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र. तिथे ती रक्तदाब-मधुमेह तपासते, औषधं चालू ठेवते, गरोदर बाईचं हिमोग्लोबिन बघते आणि कुणाला पुढे पाठवायचं ते ठरवते. ज्या गावात ती वाढली तिथे तिचा शब्द चालतो. कुठल्या घरात दारू आहे, कुठल्या सुनेला जेवायला शेवटी मिळतं, हे तिला सांगावं लागत नाही. पण पद कंत्राटी आहे, पगाराचा काही भाग कामगिरीवर अवलंबून आहे. तिला कायम करा, राहायला खोली द्या. नाहीतर ती जर्मनीला जाईल, आणि तिने जावं.

आणि सिल्लोडपुरती एक मागणी. उपजिल्हा रुग्णालयाच्या आवाराजवळ नर्सिंगच्या मुलींसाठी एक वसतिगृह हवं. रमाबाईंनी ससूनच्या मुलींसाठी पहिली सोय राहण्याची केली, कारण त्याशिवाय रात्रीचा वॉर्ड मिळत नाही आणि रात्रीच्या वॉर्डाशिवाय नर्स घडत नाही. शिवना, अंभई, उंडणगाव, भराडी इथली मुलगी दुपारच्या एसटीने परत गेली तर तिला पहाटेची बाळंतपणं दिसणार नाहीत. पन्नास मुलींची इमारत, एक वॉर्डन, एक मेस, रुग्णालयापर्यंत चालत जाता येईल असा उजेडाचा रस्ता. जिल्हा नियोजनाच्या निधीतून याहून मोठ्या इमारती आपण उभ्या केल्या आहेत. तालुक्यातल्या सगळ्या नर्सिंग संस्थांनी त्यात वाटा द्यावा, आणि कुठल्या संस्थेची कुठली मुलगी कुठल्या पाळीला कुठल्या वॉर्डात होती, त्याचा तक्ता रुग्णालयाच्या दारावर दर आठवड्याला लावावा.